सीक्वेलचा भाव धरायचा की सोडायचा?

छोट्या स्टुडिओत गेमचा दुसरा भाग तयार होत आला की एक वाद हमखास रंगतो. एकाचं म्हणणं, भाव धरून ठेवू, ज्याला हवाय तो घेईल. दुसऱ्याचं म्हणणं, पहिल्या मोठ्या सेललाच चाळीस टक्के सोडू. नग वाढले की गेम चालला असं सगळ्यांना दिसेल. दोघांकडे उदाहरणं असतात आणि दोघांचीही खरी असतात, त्यामुळे चहा संपतो, वाद संपत नाही. हा आढावा त्या टेबलावर बसलेल्यांसाठी आहे. उदाहरणं बहुतेक मोठ्या कंपन्यांची घेतली आहेत, कारण त्यांचे आकडे उघड असतात. माझा कल आधीच सांगून टाकतो: कॅपकॉम या जपानी गेम कंपनीची वाट. का, ते पुढे.

निकाल लागतो कधी?

सीक्वेल चालला की पडला हे नगांवर ठरतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आधी बोललेला आकडा आणि हिशोबाची तारीख, या दोन गोष्टी निकाल लावतात. ‘रेसिडेंट ईव्हिल ६’ ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. कॅपकॉमने त्या आर्थिक वर्षासाठी ७० लाख नगांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते ६० लाखांवर आणलं, मग ५० लाखांवर, आणि मार्च २०१३ अखेर भरले ४९ लाख. जवळजवळ अर्धा कोटी नग विकूनही कपाळावर शिक्का नापासाचाच. त्याच मार्चमध्ये स्क्वेअर एनिक्सच्या नव्या ‘टूम रेडर’ने चारेक आठवड्यांत ३४ लाख नग खपवले, पण कंपनीने ५० ते ६० लाख धरले होते, म्हणून तोही अपेक्षेला न उतरलेल्यांच्या यादीत गेला.

सवलतीचं खरं काम या तारखेनंतर सुरू होतं. ‘रेसिडेंट ईव्हिल ६’ पुढच्या दहाएक वर्षांत सेलमधून विकला जात ९० लाखांच्या आसपास पोचला. ‘टूम रेडर’ २०१७ पर्यंत १ कोटी १० लाखांवर गेला. आयुष्यभराच्या विक्रीतला मोठा वाटा निकाल लागून गेल्यावर आला, तोही पडत्या भावात. पण तोवर निर्णय होऊन गेले होते: कॅपकॉमने सातव्या भागात मालिकेचा तोंडवळाच बदलला. दहा वर्षांनी कुणी सहाव्या भागाचे ९० लाख दाखवून ‘बघा, हिट होता’ म्हणालं तर ते अर्धसत्य आहे. त्यातल्या पुष्कळ प्रती एका नव्या प्रतीच्या चौथाई पैशातही गेल्या असतील.

छोट्या स्टुडिओची हिशोबाची तारीख म्हणजे बँकेतले पैसे ज्या महिन्यात संपणार तो महिना. ती तारीख माहीत नसेल तर सवलतीची चर्चा करण्यात अर्थ नाही.

घाई करणारे

‘टायटनफॉल २’ हा नेमबाजीचा गेम २८ ऑक्टोबर २०१६ ला आला. आठवडाभर आधी तसलाच ‘बॅटलफील्ड १’ आलेला, आठवडाभराने ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा नवा भाग येणार. त्यात गंमत अशी की ‘बॅटलफील्ड’ आणि ‘टायटनफॉल’ दोन्ही ईए या एकाच कंपनीचे. स्वतःच्याच दोन दुकानांमध्ये आठ दिवसांचं अंतर ठेवायची ही बुद्धी कुणाला सुचली कोण जाणे. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली, आणि महिन्याच्या आत, ब्लॅक फ्रायडेच्या सेलमध्ये, ६० डॉलरचा गेम अर्ध्या किमतीच्या आसपास मिळू लागला.

ईएच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. हा मुख्यतः एकमेकांशी ऑनलाइन खेळायचा गेम होता, आणि अशा गेममध्ये समोर खेळायला माणूस नसेल तर पूर्ण पैसे दिलेल्याचाही गेम मेला. इथे सवलतीचा हेतू गल्ल्याइतकाच गर्दी जमवण्याचाही असतो. तरी पहिल्या महिन्यातल्या कपातीने बाजाराला जो निरोप गेला तो गेलाच: हा पडलाय, थांबा, अजून उतरेल. लोक थांबले. पुढे २०२० साली स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आल्यावर आणि ९० टक्क्यांपर्यंतच्या सवलती लागल्यावर गेमला पुन्हा पुन्हा गर्दी झाली, आज तो अनेकांच्या आवडत्या नेमबाजी गेममध्ये गणला जातो. ‘टायटनफॉल ३’ मात्र आला नाही. त्याच विश्वातला ‘एपेक्स लेजंड्स’ फेब्रुवारी २०१९ मध्ये फुकट सोडला गेला आणि पहिल्याच आठवड्यात अडीच कोटी खेळाडू आले. भाव पाडत पाडत शून्यावरच जायचं असेल तर कमाईची दुसरी सोय आधी लागते, आणि ती सोय ‘टायटनफॉल २’ मध्ये फारशी नव्हती. नवे नकाशे तर फुकट दिले जात होते.

दुसरं उदाहरण ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’चं. तो १४ सप्टेंबर २०१८ ला आला आणि महिन्याभरात ३४ टक्के सवलत लागली. हा एकट्याने खेळायचा गेम, म्हणजे गर्दी जमवण्याची सबबही नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले होते ते खवळले आणि त्यांनी स्टीमवर नकारात्मक शेऱ्यांचा पाऊस पाडला. गेम कसा आहे यावर नव्हे, भावावर. ते शेरे वाचून नवं गिऱ्हाईक बिचकलं असेल तर सवलतीने नेमकं काय साधलं? पहिल्या दिवशी विकत घेणारा हा तुमचा सगळ्यात जास्त पैसे देणारा आणि सगळ्यात बोलका गिऱ्हाईक. त्याला महिन्याभरात मूर्ख ठरवलंत तर तिसऱ्या भागाला तोही सेलची वाट पाहील.

न हलणारे

निंटेंडोबद्दल थोडक्यात. ‘झेल्डा’चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मार्च २०१७ मध्ये ६० डॉलरला आला आणि पुढची सहा वर्षं, अधूनमधूनचे छोटे सेल सोडले तर, तिथेच राहिला. मे २०२३ मध्ये त्याचा पुढचा भाग ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ ७० डॉलरला आला आणि तीन दिवसांत १ कोटी नग गेले. एकूण विक्रीत तो अजून आधीच्या भागाच्या मागे आहे, पण त्याला अपयशी म्हणायची कुणाची छाती नाही, कारण जवळपास प्रत्येक नग पूर्ण भावाच्या आसपास गेलाय. इथे नग आणि पैसा एकाच दिशेने चालतात, म्हणून निकाल वाचायला सोपा.

हे सगळं ठीक, पण निंटेंडो गेम चालवायचं यंत्रही विकतं, पात्रंही त्याची. तुम्हाला हे जमेल का? प्राग शहरातल्या ‘फॅक्टोरिओ’वाल्यांना जमलं. त्यांनी कधीच सेल लावला नाही, आणि तसं उघड सांगून ठेवलं. उलट २० डॉलरचे २०१८ मध्ये ३० केले आणि २०२३ मध्ये ३५. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘स्पेस एज’ हा मोठा विस्तार मूळ गेमच्याच किमतीला, ३५ डॉलरला आणला, आणि लोकांनी घेतला. थांबून फायदा नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण ‘फॅक्टोरिओ’सारखा शेकडो तास खिळवणारा, तोंडोतोंडी पसरणारा गेम दहा वर्षांत एखादा. तुमचा सहा तासांचा गोष्टीचा गेम असेल तर ही वाट बघून नमस्कार करावा आणि पुढे जावं.

पायरीपायरीने उतरणारे

‘रेसिडेंट ईव्हिल ७’ जानेवारी २०१७ मध्ये आला तेव्हा मार्चअखेर ४० लाखांचं लक्ष्य होतं, झाले ३५. सहाव्या भागाच्या मापाने हाही नापास. आज त्याची विक्री १ कोटी ४० लाखांच्या पुढे आहे. फरक एवढाच की या वेळी कॅपकॉमने घाबरून भाव आदळला नाही. आधी थोडी सवलत, काही महिन्यांनी जरा जास्त, वर्षाने आणखी जास्त, आणि मालिकेचा नवा भाग यायच्या सुमारास जुना अगदी स्वस्त. डिजिटल विक्री असल्याने दुकानदाराकडचा पडून राहिलेला माल, त्याची भरपाई, परत येणारे खोके ही कटकट उरली नाही. हापूसची पेटी फेब्रुवारीत एका भावाने जाते आणि मेअखेर दुसऱ्या, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त गेमला पाऊस लागत नाही, त्याचा मे महिना दहा वर्षं चालतो.

ज्याला ४,००० रुपये द्यायचेत तो पहिल्या आठवड्यात देतो, ज्याची झेप १,००० ची तो दोन वर्षांनी येतो, आणि पहिल्याला फसल्यासारखं वाटत नाही कारण मध्ये दोन वर्षं गेलेली असतात. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात कॅपकॉमने ५ कोटी १८ लाखांच्या आसपास नग विकले आणि त्यातले बहुतेक जुन्या गेमचे होते. ही कंपनी आता हिशोबाची तारीखच लांबवून बसलीय.

पण या वाटेचीही एक बोच आहे, आणि ती एप्रिल ते जून २०२५ या एकाच तिमाहीत दिसली. ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ने फेब्रुवारीअखेर बाजारात येऊन महिन्याभरात १ कोटीचा टप्पा ओलांडला होता. पुढच्या तिमाहीत मात्र ४ लाख ७७ हजार नग. त्याच तिमाहीत २०१९ चा ‘डेव्हिल मे क्राय ५’, नेटफ्लिक्सवर मालिका आल्याच्या निमित्ताने आणि मोठ्या सवलतीत, २० लाखांच्या वर गेला. नगांची यादी वाचणाऱ्याला सहा वर्षांचा म्हातारा जिंकलेला दिसतो. पैशात बघितलं तर ‘वाइल्ड्स’ने पहिल्या महिन्यातच ‘डेव्हिल मे क्राय’च्या त्या तिमाहीपेक्षा कितीतरी पट कमावलं होतं. दोन्ही सीक्वेल, एकच कंपनी. कोणता यशस्वी? मला विचाराल तर दोन्ही, पण ‘वाइल्ड्स’बद्दल काळजी जास्त, कारण पूर्ण भावाने घेणारे संपले आणि मोठ्या सवलतीची पायरी अजून आली नव्हती, अशा मधल्या खड्ड्यात तो सापडला.

घरातलाच स्पर्धक

याकडे लोक लक्ष देत नाहीत: सवलतीने पडलेला पहिला भाग दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतो. ‘सिव्हिलायझेशन ७’ फेब्रुवारी २०२५ मध्ये ७० डॉलरला आला. ‘सिव्हिलायझेशन ६’ कधीच ९० टक्के सवलतीत मिळायला लागला होता, २०२० मध्ये एपिकच्या ऑनलाइन दुकानात फुकटही वाटला गेला होता. नवा आल्यानंतर महिने गेले तरी स्टीमवर एका वेळी खेळणारे सहाव्याचेच जास्त दिसत राहिले. सातव्यात उणिवा होत्या, मान्य. पण सहावा २,००० रुपयांच्या खाली कधी उतरलाच नसता तर ही तुलना इतकी बोचली नसती.

याच्या उलट ‘हॉलो नाइट’. २०१७ साली १५ डॉलरला आलेला, सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळणारा, तीन माणसांच्या टीमचा गेम. ऑगस्ट २०२५ पर्यंत दीड कोटी प्रती गेल्या होत्या. सप्टेंबरात ‘सिल्कसाँग’ २० डॉलरला आला तेव्हा गर्दीने स्टीमसकट दुकानं कोलमडली. इथे स्वस्त पहिल्या भागाने दुसऱ्याचं गिऱ्हाईक घडवलं. फरक असा की ‘हॉलो नाइट’ संपतो. संपल्यावर माणूस पुढचा मागतो. ‘सिव्हिलायझेशन’ संपतच नाही.

मग भाव कसा ठेवायचा?

तुमचा गेम संपणारा असेल तर पहिला भाग दुसऱ्याच्या आधी बिनधास्त पाडा, ७५ टक्क्यांपर्यंत. न संपणारा असेल तर जुन्यावर ५० टक्क्यांहून जास्त सवलत द्यायची घाई नको.

दुसऱ्या भागाचा साधा हिशोब मांडून बघा. किंमत ८०० रुपये, दुकानाचा ३० टक्के वाटा गेला की हातात ५६० (कर बाजूला ठेवला आहे). ७५ टक्के सवलतीत २०० ला विकला तर हातात १४०. एका पूर्ण भावाच्या प्रतीची भरपाई करायला चार लागतात, आणि तक्रारी, रिफंड, मदतीचे मेल चारही जणांचे येतात. म्हणून टीमच्या फळ्यावर नगांचा आकडा लिहू नका, दर नगामागे हातात आलेली सरासरी रक्कम लिहा. पहिल्या वर्षात ती पूर्ण भावाच्या निम्म्याखाली गेली तर नग कितीही असोत, तुम्ही ‘टायटनफॉल’च्या वाटेवर आहात. आणि गेम ऑनलाइन खेळायचा असेल, समोर माणूस लागत असेल, तर भाव पाडण्यापेक्षा आठवड्याच्या शेवटी फुकट खेळू देणं जास्त बरं. गर्दी होते, भावाची अब्रू राहते.

स्टीमवर लाँचची, म्हणजे गेम आला तेव्हाची, सवलत संपली की ३० दिवस दुसरी लावता येत नाही. हा नियम तुमच्या भल्याचाच आहे. त्यात स्वतःहून आणखी दोन महिने घाला. पहिली खरी सवलत २० ते २५ टक्के ठेवा. विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, गेम ठेवलेल्यांना स्टीमचा मेल २० टक्क्यांपासून जातो, १५ ची सवलत दिलीत तर पैसे जातील आणि मेल जाणार नाही. लाँचच्या दिवशी मेल तसाही जातो, तेव्हा तिथे १० टक्के पुरेत.