कॅबिनेटच्या पाठीला बायोस रिसेटचं बटण: कोणतं घ्यावं, कोणतं दुकानातच ठेवावं

रॅमची एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग) चालू केली, स्क्रीन काळी पडली, आणि बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रामची, सेटिंग पुसणाऱ्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना नेमक्या ग्राफिक कार्डाच्या पोटाखाली. मग कार्ड काढा, पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा, कार्ड परत बसवा. रॅमच्या टायमिंगशी खेळणाऱ्यांना आणि दिवसभर बोर्ड तपासणाऱ्या दुरुस्तीवाल्यांना हे वरचेवर करावं लागतं. महागड्या बोर्डांना मागच्या पट्टीतच असं बटण दिलेलं असतं. बाकीच्यांनी ते बाहेरून जोडून घ्यायचं. त्यासाठी बाजारात जे मिळतं त्याची ही पारख.

आधी एक खर्च वाचवू. दुकानातल्या टॅलीच्या पीसीची तारीख रोज मागे जात असेल, जीएसटीचं पोर्टल सर्टिफिकेटची तक्रार करत असेल, तर तुम्हाला बटण नको, सेल हवा: सीआर २०३२, ३ व्होल्टचा. रात्री दुकान वाढवताना मेन स्विच पाडायची आपल्याकडे सवय, त्यामुळे रात्रभर बोर्डाचं घड्याळ त्या सेलवरच चालतं. त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना. पत्र्याखालच्या तापलेल्या कॅबिनेटमध्ये सेल आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो.

आता बटणं. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याला पार्टच्या दुकानात गेलात तर "पुश टू ऑन" असंच मागा. दाबलं की जोडणी, सोडलं की तुटणी. शेजारच्याच डब्यात हुबेहूब तसंच "पुश ऑन-पुश ऑफ" असतं, ते चुकूनही नको. ते दाबलेलं राहिलं की रिसेटची लाइन ग्राउंडला चिकटून राहते. बोर्ड एकतर सुरूच होत नाही, नाहीतर दर वेळी सेटिंग विसरतं. इंटेलच्या चिपसेटच्या आराखड्यात या लाइनवर साधारण २० किलोओहमचा रेझिस्टर असतो. ३ व्होल्टला हिशेब केला तर ०.१५ मिलिअँपिअर. पीसी मेनमधून बंद ठेवला तर २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल दोनेक महिन्यांत रिकामा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे लाल टोपीचं प्लास्टिकचं गोल बटण, १२ मिमीच्या भोकात बसणारं. किंमत किरकोळ, काम होतं, पण दोन खोडी आहेत. पहिली सोल्डरिंगची. पाय थेट प्लास्टिकमध्ये रोवलेले असतात. गन तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवली की प्लास्टिक मऊ होतं, पाय तिरका होतो आणि आतली पत्ती अर्धवट दाबलेली राहते. बाहेरून बटण टकटक वाजतं, आत मात्र कायमचं शॉर्ट. म्हणून पायाला आणि वायरला आधी वेगवेगळं टिन (सोल्डरचा पातळ थर) लावून घ्या, मग क्षणभर टेकवून जोडा, आणि गार झाल्यावर मल्टिमीटर बीपवर लावून बघा. दाबल्यावरच बीप यायला हवी, आणि बटण कडेने हलवलं तरी मध्येच येता कामा नये. दुसरी खोड धुळीची. हे बटण उघडं असतं. इतक्या कमी करंटला पत्तीवरचा मळ जळून साफ होत नाही, त्यामुळे जिनिंगच्या आसपास किंवा रस्त्याकडेच्या दुकानात काही महिन्यांनी दाबूनही काही होत नाही अशी वेळ येते.

म्हणूनच थोडे जास्त पैसे मोजून १२ मिमीचं धातूचं, रबर सीलवालं बटण घ्यावं. पृष्ठभागाला सपाट असणारंच निवडा, वर उचललेलं नको. केबल खुपसताना हाताचा धक्का लागून सेटिंग उडणं परवडत नाही. एलईडीच्या कड्याचं बटण दिसायला झकास, पण त्याला चार-पाच पाय असतात आणि ग्राहकाचा घोळ तिथेच होतो. आपल्याला लागतात ते फक्त स्विचचे दोन. मीटरने शोधून काढा आणि एलईडीचे मोकळे ठेवा. कुणी त्याला एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) १२ व्होल्टची वायर दिली आणि ती चुकून सीमॉसच्या पिनेकडे गेली, तर बोर्डच जाईल. साधं, बिनदिव्याचं बटण घेतलेलं बरं.

ऑनलाइन एक तयार मालही दिसतो: टेबलावर ठेवायचं गोल बटण, दीड-दोन मीटर वायर, टोकाला दोन पिनांचं कनेक्टर. हे पॉवर बटणासाठी बनवलेलं आहे, तिथे उत्तम. क्लिअर सीमॉसला लावायला मात्र आमचा सपशेल नकार. लांब, सुटी वायर या नाजूक लाइनवर अँटेनासारखी वागते. शिवाय टेबलावरचं बटण घरातल्या पोरांच्या हातात. ५०-६० सेंटिमीटरच्या वर वायर नको, दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्या आणि एसएमपीएसच्या जाड केबलींपासून लांबून न्या. वायर बारीक चालते, २६ गेज पुरे.

फुकटातला पर्यायही आहे. कॅबिनेटच्या पुढच्या रिसेट बटणाचं दोन पिनांचं कनेक्टर काढून क्लिअर सीमॉसच्या पिनांवर खोचायचं. टेस्ट बेंचवर हेच करा. घरच्या किंवा ऑफिसच्या पीसीवर नको, कारण सवयीने कुणीतरी चालू मशीनवर ते दाबणारच.

बसवताना जागा मागची घ्या. स्लॉटची रिकामी पट्टी काढून बाहेर नेऊन भोक पाडा. कॅबिनेटमध्येच ड्रिल चालवलं तर लोखंडाचा कीस बोर्डावर पडतो. पातळ पत्र्याला साधा ड्रिल बिट भोक तिकोनी करतो, स्टेप ड्रिल घ्या आणि कडा कानशीने मारा. स्वस्त कॅबिनेटच्या पट्ट्या मोडून काढायच्या असतात, त्या परत स्क्रूने बसत नाहीत, तेव्हा भंगारातून एखादी सुटी पट्टी मिळवा. जोडावर स्लीव्ह चढवायला विसरू नका. पिनांवर २.५४ मिमी अंतराचं साधं फिमेल कनेक्टर लागतं. ते उभं राहून ग्राफिक कार्डाच्या पंख्याला लागत असेल तर कनेक्टरपाशीच वायर आडवी वळवून टायने बांधा.

पिना मॅन्युअलमध्ये बघूनच शोधा. एमएसआयवर नाव जेबीएटी१, आसूसवर बहुधा सीएलआरटीसी, गिगाबाइटवर सीएलआर सीमॉस. एमएसआयवरच जेसीआय१ अशाही दोन पिना असतात, त्या कॅबिनेट उघडल्याची नोंद घेण्यासाठी. बटण तिथे लागलं तर दाबत बसा. जुन्या बोर्डांवर तीन पिना आणि १-२ वर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर दोन पायांचं बटण चालत नाही. तीन पायांचं, मोकळं असताना १-२ आणि दाबल्यावर २-३ जोडणारं लागतं, मधला पाय पिन २ वर. काही बोर्डांवर पिनाच नसतात, नुसते दोन सोल्डरचे ठिपके. वॉरंटी असेतो त्यांना हात लावू नका.

वापरताना पीसी बंद, केबल भिंतीतून काढलेली, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट सोडलेला, पंधरा सेकंद थांबून मग बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरायचं. डीडीआर५ च्या बोर्डावर त्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, कारण रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमचं टायमिंग जुळवून घेणं, नव्याने चालतं. लोक इथेच घाबरून पुन्हा बटण दाबतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. चहा घेऊन या.

एक्सएमपी, पंख्यांचा वेग, बूटचा क्रम, सगळं मूळपदावर जातं, म्हणून बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड एएचसीआय होता की रेड, हे तर नक्की टिपा. तो बदलला की विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की विचारली जाऊ शकते, आणि ती त्याच पीसीत सेव्ह केलेली असेल तर उपयोग शून्य. बटण जोडायच्या आधी ती कागदावर उतरवून घ्या.