सिग्नल ॲप: अशिलांसाठी मी हेच का निवडलं

मी साताऱ्यात कौटुंबिक दावे चालवते. पोटगी, मुलांचा ताबा, घरातली मारहाण. जानेवारी 2021 पासून अशिलांशी बोलणं आणि कागद मागवणं सिग्नल या मेसेजिंग ॲपवरच.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचा फोन नवरा नाहीतर सासू तपासते. म्हणून पहिल्याच भेटीत दोन सेटिंग मी स्वतः लावून देते: नोटिफिकेशनमध्ये नाव-मजकूर दिसायला नको आणि आमचे संदेश आठवड्याभरात आपोआप पुसले जायला हवेत. नवऱ्याच्या धमक्या मात्र पुसायच्या नाहीत, हे बजावून सांगते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडून त्या धमक्याच कोर्टात द्यायच्या असतात.

माझा विश्वास बसला तो 2016 च्या एका समन्समुळे. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) दोन फोन नंबरांची माहिती मागितली. त्यातल्या एकाचंच सिग्नलवर खातं होतं. सिग्नलकडून मिळालं एवढंच: खातं कधी उघडलं आणि सिग्नलशी शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकीचं त्यांनी साठवलेलंच नव्हतं. व्हॉट्सॲपचे संदेशही सिग्नलच्याच प्रोटोकॉलने (संदेश कुलूपबंद करायच्या पद्धतीने) सुरक्षित होतात, पण कोण कुणाशी बोलतं याची माहिती तिथे बरीच जास्त जमा होते. माझ्या अशिलाने वकिलाला गाठलं, एवढं कळणंसुद्धा तिला महागात पडतं.

आपल्याकडे 2021 च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांतला नियम 4(2) म्हणतो, 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने आदेश आल्यास संदेश सर्वांत आधी कुणी पाठवला ते सांगावं. व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. पोलिसांची अडचण खोटी नाही. बालकांवरच्या अत्याचाराच्या केसेस मी जवळून पाहिल्यात, तिथे तपास व्हायलाच हवा. पण कायद्याने एका आरोपीचा फोन जप्त करणं वेगळं आणि पहिला पाठवणारा उद्या शोधता यावा म्हणून सगळ्यांच्याच संदेशांना आधीपासून खूण लावून ठेवणं वेगळं. पुट्टस्वामी निकालात 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क मानला. तो हक्क माझ्या अशिलांनाही आहे.

नोंदणीला मोबाइल नंबर लागतोच, हे मला खटकतं. 2024 पासून युजरनेम घेऊन नंबर समोरच्यापासून लपवता तरी येतो. आणि बॅकअप चालू केलेला नसताना फोन हरवला, तर जुनं सगळं गेलं. म्हणून सिग्नलवर आलेला प्रत्येक कागद मी त्याच दिवशी छापून फाइलला लावते.