पासवर्डची फाईल कोणी वाचली, हे मागाहून कळत नाही

रावेर-सावदा पट्ट्यातल्या एका केळी पेढीवरचा हा प्रकार. दिल्लीच्या आझादपूर मंडीतल्या व्यापाऱ्याला पेढीच्याच ईमेलवरून निरोप गेला: खातं बदललंय, पेमेंट नव्या खात्यावर टाका. बिल नंबर बरोबर, गाडी नंबर बरोबर. त्याने पैसे टाकले; ते पेढीवर आलेच नाहीत.

ईमेलचा पासवर्ड डेस्कटॉपवरच्या एक्सेलमध्ये होता, त्याखालीच जीएसटीचा आणि नेटबँकिंगचा. 'जीएसटी नोटीस' नावाची झिप फाईल मुनीमजींनी उघडली आणि चोर आत आला. पुढे त्याला फारसं करावंच लागत नाही. नोटपॅड आणि सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादी) फाइलींत 'पासवर्ड' हा शब्द विंडोजचीच फाइंडस्ट्र कमांड शोधून देते. एक्सेल तर नावावरूनच सापडते. क्रोममधून एक्स्पोर्ट केलेली पासवर्डांची सीएसव्ही डाउनलोड्समध्ये पडून असते, ती वेगळीच.

'पण फाईलची तारीख तर जुनीच आहे!' हे हमखास ऐकायला मिळतं. मॉडिफाइड तारीख मजकूर बदलला तरच बदलते, नुसता वाचला तर नाही. कोणत्या प्रोग्रामने वाचलं याची नोंद विंडोज आपणहून ठेवत नाही, आधी चालू करावी लागते. या नोंदीला ऑडिट म्हणतात.

चोर शिरला तर कळावं म्हणून 'बँक पासवर्ड' नावाची खोटी फाईल आमिष म्हणून ठेवा आणि तिच्यावर ही नोंद लावा. आत खरं काहीच नको, आणि ती उघडायची नाही हे पेढीवर सगळ्यांना सांगून ठेवा. विंडोज प्रोमध्ये लोकल सिक्युरिटी पॉलिसीत 'ऑडिट फाईल सिस्टिम'चं सक्सेस चालू करा. विंडोज होममध्ये ती खिडकीच नसते, तिथे तेच काम ऑडिटपोल कमांडने करा. मग फाईलच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ऑडिटिंगमध्ये 'एव्हरीवन'साठी रीड लावा. दोन्हींपैकी एक राहिलं तर नोंद होत नाही.

आता इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६३ क्रमांक, म्हणजे फाईल वाचल्याची नोंद, बघत जा. प्रोसेस नेममध्ये डिफेंडर किंवा बॅकअप दिसला तर सोडून द्या. फाइंडस्ट्र, सीएमडी, पॉवरशेल दिसलं तर नेटची वायर काढा. अख्ख्या ड्राइव्हला ऑडिट लावू नका. लॉग मुळात २० एमबीचा, भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. तो २०० एमबी तरी करा.

खऱ्या फाईलला 'प्रोटेक्ट शीट' पुरत नाही, ते सहज निघतं. 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' लावा, किंवा पासवर्ड मॅनेजर वापरा.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला, ईमेलमध्ये मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारा फॉरवर्डिंगचा नियम कोणी लावलाय का ते तपासा. आणि कॉम्प्युटरवाला फॉरमॅट मारायला बसण्याआधी सिक्युरिटी लॉग पेनड्राइव्हवर घ्या.