साधू वासवानी मिशन, पुणे : पाय बसला, कढी अजून जमायचीय

पुणे स्टेशनजवळच्या साधू वासवानी चौकातून डब्यांच्या पिशव्या घेऊन मी वीस वर्षं ये-जा करतेय, पण मिशनच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. सिंधी लोकांचं सत्संगाचं ठिकाण, आपलं तिथं काय काम? मग माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या मंगलच्या भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पायाची किंमत ऐकून बिचारे गारच पडले. पिंपरी कॅम्पातल्या काकी, माझं जुनं गिऱ्हाईक, म्हणाल्या, "मिशनच्या शिबिरात आण त्याला. पैसे नाही पडत."

पहिल्या खेपेला प्लास्टर लावून माप घेतलं. दुसऱ्या खेपेला पाय बसवला आणि दोन दांड्यांना धरून चालवलं. टोचतंय म्हणाला, तर काढून, घासून परत बसवला. तीनदा. कुणी त्रासलं नाही. चौथ्यांदा म्हणायला तोच लाजत होता.

तो चालत होता तोवर काकींनी मला समाधीपाशी नेलं. साधू वासवानी सिंधमधल्या हैदराबादचे, जन्म १८७९ चा. फाळणीनंतर पुण्यात आले, १९६६ मध्ये इथंच गेले. पुढं सगळं दादा जे. पी. वासवानींनी सांभाळलं. २०१८ मध्ये दादा गेले तेव्हा शंभरीला तीन आठवडे कमी होते, हे सांगताना काकींचा आवाज अजून कापतो. कोरेगाव पार्कातलं सेंट मीराज कॉलेज यांचंच. माझी भाची तिथं शिकली, तरी मला पत्ता नाही!

सत्संगातलं सिंधी भजन कळलं नाही, चाल मात्र घरापर्यंत सोबत आली. २५ नोव्हेंबरला, साधूजींच्या जन्मदिवशी, ही मंडळी मांसाहार टाळा म्हणून सांगतात. मी नाना पेठेतली, मटण सुटायचं नाही, पण तेवढा एक दिवस काकींसाठी पाळते.

आता जेवणाचं, कारण तो माझा प्रांत. त्या दिवशी कढीभात होता. नाव कढी, पण ताकाचा थेंब नाही. बेसन तेलात खमंग भाजायचं, पाणी घालून उकळायचं, चिंचेचा कोळ, वर शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा. मी दोनदा वाढून घेतली. घरी केली आणि काकींना डबा पाठवला. डबा धुऊन परत आला, पाठोपाठ फोन : "बेटा, बेसन कच्चं राहिलं."