भाताचं बियाणं निवडताना: साधं पाणी की मिठाचं पाणी?

पेरणीआधी बियाणं पाण्यात टाकून पोचट दाणे काढायचे, हे बहुतेक शेतकरी करतात. पण साध्या पाण्यात काम अर्धंच होतं.

दाणा तरंगणार की बुडणार, हे त्याच्या एकट्या वजनावर ठरत नाही. त्याची घनता पाण्यापेक्षा कमी की जास्त, यावर ठरतं. साध्या पाण्याची घनता घनसेंटिमीटरला 1 ग्रॅम. आत नुसती हवा असलेला पोचट दाणा त्याहून हलका, म्हणून वर येतो. अर्धवट भरलेला दाणा मात्र 1 च्या जरासा पुढे असला की भरलेल्या दाण्यांसोबत तळाला जाऊन बसतो. तो उगवलाच तरी रोप किडकिडीत निघतं.

मीठ इथेच कामाला येतं. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवलं की घनता साधारण 1.02 होते. फरक दिसायला किरकोळ, पण काठावरचे बरेच दाणे तेवढ्यानं वर येतात. बी ओतल्यावर हातानं नीट ढवळा, कारण तुसाला चिकटलेले हवेचे बुडबुडे चांगल्या दाण्यालाही तरंगवतात. वरचे दाणे काढून टाका. तळाचं बी स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. धुणं टाळलंत तर राहिलेलं मीठ उगवणीला मारक ठरतं.

साध्या पाण्यात हे धुणं वाचतं, मिठाचा खर्चही नाही. तरी घरचं बियाणं वापरणाऱ्यानं मिठाचंच पाणी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.