टाकी बदलल्याचे बिल आणि जागची न हललेली टाकी

आमची २००७ सालची मारुती ओम्नी कऱ्हाडात अजून रोजच्या कामाला आहे. या उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरली की मागच्या बाकापाशी पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला आणि सकाळी गाडीखाली ओला डागही दिसू लागला, म्हणून ती गावाबाहेरच्या एका गॅरेजमध्ये दिली. परत मिळाली तेव्हा टाकी आणि सगळे पाइप नवे बसवल्याचे १४,६०० रुपयांचे बिल हातात पडले. प्रत्यक्षात टाकी खाली उतरवलेलीच नव्हती.

गॅरेजमालकाने दिलेले कारण पटण्याजोगे होते आणि या फसवणुकीची खरी मेख तीच आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचे रबर खराब होते, टाकी आतून गंजते, तेव्हा "साहेब, सगळा सेटच बदला, नाहीतर एखाद्या दिवशी गाडी पेटेल," असे त्याने सांगितले. यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्येच थांबले, म्हणजे हे पेट्रोल सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी, आणि जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल मानवत नाही. मात्र वास नेमका कधी येतो, हे त्याने एकदाही विचारले नाही. वास फक्त टाकी भरल्यावर येत असेल आणि पेट्रोल थोडे खाली गेल्यावर थांबत असेल, तर दोष बहुधा वरच्या भागात असतो: पेट्रोल भरण्याच्या नळीत, हवा सोडणाऱ्या बारीक नळीत किंवा टाकीच्या माथ्यावरील झाकणाच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे सांधा घट्ट बसवणाऱ्या चकतीत. तळाचा पत्रा गंजून गेला असेल, तर टाकी अर्धी असतानाही पेट्रोल ठिबकत राहते.

गाडी आतून धुऊन, सुगंधी डबी लावून आणि खालच्या अंगाला डांबरासारख्या काळ्या लेपाचा जाड थर देऊन परत आली. टाकी पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत वास आला नाही. भरताच तो पूर्वीसारखा सुरू झाला. त्यावर "नव्या टाकीचा असतो थोडा, जाईल," असे उत्तर मिळाले. नव्या टाकीला पेट्रोलचा वास कसा येईल, हे मात्र त्याने सांगितले नाही.

त्यानंतर एका वयस्कर, ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली. त्यांनी टाकीकडे नंतर पाहिले, आधी टाकी धरून ठेवणाऱ्या बोल्टांवरचा काळा थर खरवडला. आत जुना गंज आणि वाळलेला चिखल तसाच होता, पान्याची एकही ताजी खूण नव्हती. सांध्यावर एम-सील फासून वरून लेप मारलेला होता. नवी नळी एकच होती, तीही पुढचे आसन उचलताच नजरेस पडेल अशा जागी. खरा दोष पेट्रोल भरण्याच्या रबरी नळीत निघाला: जिथे ती वाकते तिथेच तडकली होती आणि टाकी भरली की त्या भेगेतून पेट्रोल टाकीच्या अंगावरून खाली ओघळत होते. मिस्त्रींनी टाकी उतरवली, लावलेले एम-सील काढले आणि कमी दाबाची हवा भरून टाकी पाण्यात बुडवून पाहिली. कुठेही बुडबुडा आला नाही. नळी आणि क्लिपांचा खर्च काही शे रुपयांत आटोपला.

पैशांपेक्षाही गंभीर बाब म्हणजे गळती तशीच ठेवून गाडी "दुरुस्त" म्हणून रस्त्यावर आणली गेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. ओम्नीचे इंजिन तर पुढच्या आसनांखालीच असते. याच गॅरेजने पुढे "मग टाकीला वेल्डिंग मारून देतो, रिकामीच आहे," असेही सुचवले. वाफेने भरलेली रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. ती नीट धुऊन वाफमुक्त केल्याशिवाय तिच्याजवळ आग नेऊ देऊ नये.

अशा कामासाठी गाडी देताना काढलेले सुटे भाग परत हवेत, असे जॉब कार्डावरच लिहून घ्यावे आणि टाकी खाली असताना तिचे छायाचित्र मागावे. बिलावर प्रत्येक भागाचा क्रमांक व किंमत वेगळी असावी. आमच्या बिलावर "टाकी व पाइप सेट" एवढी एकच ओळ होती, आणि जुनी टाकी मागितली तेव्हा ती भंगारवाल्याने नेल्याचे सांगण्यात आले.

रॅम्पवरची छायाचित्रे जोडून लेखी नोटीस दिल्यावर आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर मालकाने टाकीची किंमत परत केली, मजुरी मात्र अडवून ठेवली. त्या रकमेसाठी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.