सवलतीच्या हॉटेल साइट: आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्या एका बारीक ओळीबद्दल

बुकिंग, अगोदा, एक्सपीडिया, प्राइसलाइन, हॉटवायर. आठ महिने आलटून पालटून वापरल्यावर मत असं झालंय की पैसे नक्की वाचतात, पण पहिल्या बुकिंगला नाही. फुकट रद्द करता येणारी खोली आधी धरून ठेवायची आणि दर उतरला की बदलायची, खरी बचत यात आहे. त्यासाठी रद्द करण्याची शेवटची वेळ माहीत हवी, आणि नेमकी तीच ओळ पानावर सगळ्यात बारीक अक्षरांत असते. माझा सगळा राग या ओळीवर आहे.

'मोफत रद्द' एवढंच वाचून पुढे जाऊ नका. मुदतीची वेळ हॉटेलच्या गावची असते, तुमच्या घड्याळाची नाही. हॉटेल तुमच्यापेक्षा साडेचार तास पुढे असेल, तर रात्री ११:५९ ची मुदत तुमच्याकडे संध्याकाळी ७:२९ लाच संपते. '१४ तारखेपूर्वी' म्हणजे १३ तारीख संपेपर्यंत, रात्री ११:५९ पर्यंत. 'चेक-इनच्या २४ तास आधी' असेल आणि चेक-इन दुपारी ३ ला असेल, तर आदल्या दिवशी दुपारी ३ लाच खेळ संपला. आणखी एक खोच: तारीख नुसती एक दिवस पुढे-मागे केली तरी अनेकदा नवा दर आणि नव्या अटी लागू होतात, जुनी मोफत रद्दची सोय जाते. म्हणून बुकिंग झाल्या झाल्या मुदत आपल्या वेळेत करून, ३ तास आधीचा गजर लावून टाकावा. हे काम साइटने करायला हवं. एक ओळ ठळक छापायला काय जातं यांचं?

दर पुन्हा कधी बघायचा? एकदा मुक्कामाच्या साधारण ३-४ आठवडे आधी, कारण लग्न, परिषदा यांच्यासाठी राखून ठेवलेल्या खोल्यांपैकी न भरलेल्या खोल्या बऱ्याचदा त्या सुमारास हॉटेलकडे परत येतात. दुसऱ्यांदा मुदतीच्या दिवशी सकाळी, कारण बाकीचे लोकही तेव्हाच रद्द करतात. स्वस्त दर दिसला की आधी नवं बुकिंग, त्याचा कन्फर्मेशन नंबर हातात, मगच जुनं रद्द. उलट केलंत तर मधल्या दोन मिनिटांत खोली जाऊ शकते. जुन्या बुकिंगला कूपन लावलं असेल तर ते परत मिळतं का, तेही आधी वाचा. न-परताव्याचा दर बहुधा १० टक्क्यांच्या आसपास स्वस्त असतो. बेत पक्का असल्याशिवाय त्याच्या नादी लागू नये.

तुलना करताना एक चूक सर्रास होते. बुकिंग, अगोदा, प्राइसलाइन आणि कायाक एकाच कंपनीच्या आहेत. एक्सपीडिया, हॉटेल्स डॉट कॉम आणि हॉटवायर दुसऱ्या. एकाच घरातल्या चार साइट उघडून फारसा फरक पडत नाही. दोन्ही घरांतली एकेक साइट आणि हॉटेलची स्वतःची साइट एवढं पुरतं. मोठ्या साखळीतलं हॉटेल असेल तर बाहेरून केलेल्या बुकिंगवर सहसा त्यांचे पॉइंट मिळत नाहीत, हेही हिशोबात धरा.

नाव लपवून विकल्या जाणाऱ्या खोल्यांबद्दल (हॉटवायरचे हॉट रेट, प्राइसलाइनचे एक्स्प्रेस डील) माझं मत सुरुवातीला वाईट होतं. ते बदललंय. नाव झाकलेलं असलं तरी भाग, तारे, पाहुण्यांचे गुण आणि सोयींची यादी उघडी असते. त्याच तारखांना, त्याच भागात, तेवढ्याच ताऱ्यांची हॉटेलं नेहमीच्या शोधात लावा आणि सोयी जुळवा. पोहण्याचा तलाव आहे पण मोफत पार्किंग नाही, विमानतळाची गाडी आहे, अशा जोड्यांनी बहुतेक वेळा दोन-तीनच नावं उरतात. रिसॉर्ट फीचा (भाड्याशिवाय हॉटेल वेगळं लावतं त्या शुल्काचा) आकडा दिसत असेल तर कधी एकच. मात्र परतावा नाही, तारीख बदलत नाही आणि दोन बेड मिळतीलच याची हमी नाही. तिघं-चौघं असाल तर हा मार्ग सोडा.

खोडलेली जुनी किंमत आणि 'शेवटची १ खोली' याकडे मी बघणं सोडलंय. ती एक खोली बहुधा त्या साइटच्या वाट्याची असते, हॉटेलमध्ये आणखी असू शकतात. असल्या दबावाच्या विक्रीवरून ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०१९ मध्ये सहा साइटकडून सुधारणेची हमी घेतली होती. बघायचा तो शेवटच्या पानावरचा, कर आणि फी धरून आलेला आकडा. चलन हॉटेलच्या देशाचंच ठेवा; साइटने बदलून दाखवलेल्या दरात त्यांचं मार्जिन असू शकतं.

साइटवर आगाऊ पैसे भरले असतील तर शेवटचं एक काम राहतं. साइट पुष्कळदा हॉटेलला व्हर्च्युअल कार्डाने (त्या बुकिंगपुरत्या काढलेल्या कार्ड नंबराने) पैसे देते आणि ते कार्ड बऱ्याचदा चेक-इनच्या दिवशीच चालू होतं. काउंटरवर ते चाललं नाही की तुमचंच कार्ड ओढलं जातं आणि भाडं दोनदा कापलं जातं. दोन दिवस आधी हॉटेलला फोन करून त्यांचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर मागा, साइटचा नव्हे. काउंटरवर कार्ड देताना स्पष्ट सांगा: भाडं भरलंय, हे फक्त डिपॉझिटसाठी. आणि सही करण्याआधी स्लिपवरचा आकडा वाचा.